विहिरीच्या पाण्यातलं ट्रिटियम मोजताना

ट्रिटियम म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन. त्याचा बीटा कण (क्षय होताना बाहेर पडणारा इलेक्ट्रॉन) फार दुबळा, जास्तीत जास्त 18.6 केईव्ही ऊर्जेचा. व्हायलची (नमुन्याच्या छोट्या बाटलीची) भिंतही तो ओलांडत नाही, म्हणून पाणी थेट सिंटिलेशन कॉकटेलमध्येच, म्हणजे बीटा कणामुळे चमकणाऱ्या द्रवात, मिसळायचं. या चमका मशीन मोजतं, तेच काउंट.

आधी ऊर्ध्वपातन. क्षार, रंग मागे राहिले पाहिजेत, नाहीतर क्वेंचिंगने प्रकाश वाटेतच गिळला जातो. मी 20 मिलीच्या प्लास्टिक व्हायलमध्ये 8 मिली पाणी आणि 12 मिली कॉकटेल घेते. काचेची नकोच, काचेतलं किरणोत्सारी पोटॅशियम-40 बॅकग्राउंड (नमुन्याशी संबंध नसलेले काउंट) वाढवतं. जोरात हलवा, उजेडाकडे धरून बघा. थर किंवा गढूळपणा दिसला तर ती व्हायल बाद.

मग ओलसर फडक्याने पुसा (स्थिर विद्युत खोटे काउंट देते) आणि रात्रभर मशीनच्या आत अंधारात ठेवा. इथे घाई करणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. उजेड लागलेली व्हायल कितीतरी वेळ स्वतःच चमकत राहते.

ब्लँकसाठी, म्हणजे तुलनेला लागणाऱ्या ट्रिटियम नसलेल्या पाण्यासाठी, खोल बोअरचं, जुनं भूजल मिळवा. पावसाच्या पाण्यात ट्रिटियम असतंच, अर्धायुष्य 12.3 वर्षं असल्याने शेकडो वर्षं जमिनीखाली राहिलेल्या पाण्यात ते जवळपास उरत नाही. ब्लँक, स्टँडर्ड (ज्यातलं ट्रिटियम आधीच माहीत आहे असं पाणी) आणि नमुने एकाच बॅचमध्ये लावा. ब्लँक आणि नमुने निदान 500 मिनिटं मोजा.