ईपीएबीएक्समध्ये एलसीआर लावताय? मग या चुका टाळा

अंबड, सातपूर, सिन्नर, नाशिककडच्या कुठल्याही कारखान्यातल्या ईपीएबीएक्स मशीनमधलं (म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या टेलिफोन एक्स्चेंजमधलं) एलसीआरचं टेबल उघडा, तेच ते घोळ सापडतात. एलसीआरचं (लीस्ट कॉस्ट राउटिंग) काम एवढंच: डायल केलेल्या नंबरचे सुरुवातीचे आकडे बघायचे आणि पीआरआय (लँडलाइन कंपनीची एकाच वेळी अनेक कॉल नेणारी डिजिटल लाइन), सिप ट्रंक (इंटरनेटवरून जाणारी लाइन) किंवा जीएसएम गेटवे (मोबाइलची सिमं घातलेला डबा) यांतल्या स्वस्त वाटेने कॉल सोडायचा. ऐकायला सोपं आहे, म्हणूनच लोक ते जेवणाच्या सुट्टीत उरकतात आणि बिल आलं की मला बोलावतात.

सगळ्यात जास्त डोकं उठवते ती शून्याची चूक. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आधी ० लावावा लागतो. म्हणून पीआरआयच्या वाटेवर मशीनने आपणहून ० जोडावा, असा नियम बहुतेकांनी टाकला. पण माणसांनाही ० लावायची सवय लागलीच होती, तिचं काय?

अंबडच्या एका कारखान्यात नेमकं हेच झालं. रिसेप्शनवरच्या मॅडम ०९४२२ लावायच्या, मशीन त्याला आणखी एक ० चिकटवायचं आणि एक्स्चेंजला पोचायचं ००९४२२. दोन शून्यं म्हणजे आयएसडी, आणि ९४ हा श्रीलंकेचा कोड! ९८ने सुरू होणारा नंबर असला तर थेट इराण. आयएसडी बंद होतं म्हणून एक्स्चेंज कॉल परत फेकायचं. मग ओव्हरफ्लो, म्हणजे एका वाटेने कॉल गेला नाही की दुसरी धरायची सोय, तोच कॉल जीएसएम गेटवेवर ढकलायचा. तिथे जादा शून्याचा नियम नव्हता, त्यामुळे कॉल बिनबोभाट लागायचा. पीआरआयचं भाडं आणि त्यातले मोफत कॉल वाया, आणि अडीअडचणीला ठेवलेली पोस्टपेड सिमं दिवसभर राबतायत.

मालकांचं म्हणणं, “अहो, पण फोन तर लागतोय ना!” तिथेच तर सगळं फसतं. लागतो म्हणून कोणी बघत नाही. खरं तर खुणा समोरच होत्या. नंबर लावल्यावर रिंग जायला वेळ लागत होता. शिवाय गिऱ्हाइकाला गेटवेच्या सिमचा नंबर दिसायचा आणि त्याने उलट फोन केला की तो कुठेच वाजायचा नाही, कारण त्या सिमवर येणारे कॉल कुठल्या एक्स्टेन्शनला द्यायचे हे मशीनला कोणी सांगितलंच नव्हतं. नाशिकवाले फोन उचलत नाहीत, अशी बोंब झाली ती वेगळीच.

माझी पद्धत अशी: नंबर आत आला की पुढचं एकटं शून्य आधी काढून टाकायचं, ०० असेल तर हात लावायचा नाही. मग ज्या वाटेला शून्य लागतं तिथेच ते जोडायचं. आणि टेस्ट कॉल लागला म्हणून बॅग भरायची नाही. कॉल रेकॉर्ड काढून ट्रंकचा रकाना, म्हणजे कॉल कुठल्या वाटेने गेला ते, वाचायचा.

दुसरा लाडका घोळ: “०७, ०८ म्हणजे मोबाइल.” अरे बाबांनो, ०७१२ नागपूर आहे, ०७३१ इंदूर, ०८३२ गोवा, ०७९ अहमदाबाद, ०८० बंगळूर. असे कोड वेगळे लिहिले नाहीत तर नागपूरच्या लँडलाइनचे सगळे कॉल सिमवर जातात. बहुतेक मशीन जास्तीत जास्त आकडे जुळणारी ओळ धरतात, काही मात्र वरून खाली वाचतात. आपलं कुठलं ते मॅन्युअलमध्ये बघा, अंदाजाने नको. ६ने सुरू होणाऱ्या नंबरांचंही तसंच. मोबाइलही ६ने सुरू होतात आणि नाशिकचे काही सात आकडी लोकल नंबरही. तिथे आकड्यांची लांबी सांगावीच लागते.

दर बघताना पल्स, म्हणजे किती सेकंदांच्या टप्प्याने पैसे कापतात ते, बघा. मिनिटाला ३० पैसे स्वस्त आणि सेकंदाला १ पैसा महाग, हे सरसकट खरं नाही. लासलगावला कांद्याचा भाव विचारणारा फोन २० सेकंदांत संपतो: सेकंदाच्या दराने २० पैसे, मिनिटाच्या दराने पूर्ण ३०. अर्ध्या मिनिटाच्या पुढे गणित उलटतं. म्हणून आधी आपले कॉल किती लांबीचे असतात ते बघा, मग टेबल लिहा.

ओव्हरफ्लो प्रत्येक अपयशावर लावू नका. कॉल का लागला नाही ते एक्स्चेंज कॉज कोडच्या आकड्याने सांगतं. कॉज कोड ३४ म्हणजे लाइन मोकळी नाही, तेव्हा दुसरी वाट बरोबर. १७ म्हणजे समोरचा माणूसच बिझी आहे, त्याला तिन्ही ट्रंकवरून छळून काय मिळणार?

पुण्याच्या ऑफिसचं टेबल उचलून इथे टाकू नका. तिथे ०२० लोकल आहे, इथे ०२५३.

रात्री स्वस्त, दिवसा महाग हे जुने टाइम स्लॉट काढून टाका. ते एसटीडीच्या सवलतीच्या जमान्यातले आहेत.

गेटवेत घरगुती अनलिमिटेड सिमं घालून जाहिरातीचे कॉल मारायची युक्ती कोणी सांगितली तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामक) अशा नोंदणी नसलेल्यांची कनेक्शनं तोडून त्यांना दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकायचे आदेश दिलेत.

आणि १०१, १०८, ११२ यांना स्वस्त-महागच्या भानगडीत घालूच नका. त्यांच्यासाठी इथल्याच लँडलाइनची वेगळी ओळ सगळ्यात वर लिहा. मुंबईच्या हेड ऑफिसच्या ट्रंकवरून गेलेला १०१ मुंबईच्या फायर ब्रिगेडला लागतो आणि आग असते सातपूरला.