सीडीपीवर हरकत कशी द्यायची, आणि घरासोबत काम पण कसं मागायचं

बेळगावात कुठल्याबी कट्ट्यावर बसा, विषय तोच, शिवारं गेली, प्लॉट पडले, पोरं पुण्याला गेली. बोलतात सगळे, लिहून कोणच देत नाही. ऑफिसात धरतात ते लिहिलेलंच.

आधी नकाशा बघा. बुडाचा, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचा मास्टर प्लॅन, कुठली जागा कशासाठी ते ठरवणारा, ज्याला आपण सगळे सीडीपी म्हणतो. पिवळं म्हणजे राहायची घरं, हिरवं शेती, जांभळं इंडस्ट्री. आपल्या भागाचे सर्व्हे नंबर शोधून काढा आणि मग एक काम करा, पिवळ्यापास्नं जांभळं, म्हणजे उद्यमबाग, मच्छे, होनगा असले कारखान्यांचे भाग, किती लांब आहे ते बघा. खरी गोम इथंच आहे. फाउंड्रीत शिफ्ट करणाऱ्याला उद्यमबागेजवळ जागा परवडत नाही म्हणून तो रोज खानापूरकडनं गाडी मारत येतो, पगारातला वाटा पेट्रोलला जातो, आणि कारखान्यापासनं दहा मिनिटांवर प्लॉट घेऊन नुसते तारेचं कंपाउंड मारून ठेवलेले असतात. म्हणून घराचा अर्ज वेगळा, नोकरीचा वेगळा असं करू नका, एकाच कागदात मागा.

वेळ पाळायची. १९६१ च्या नगर नियोजन कायद्याप्रमाणं सरकारनं प्लॅनला तात्पुरती मंजुरी दिली की तो जाहीर होतो आणि तिथनं ६० दिवस लोकांच्या हरकती घेतात. हिरव्याचं पिवळं करायचं असलं तरी पेपरात जाहिरात द्यावी लागते, आता ती बारीक अक्षरात कोपऱ्यात असते हा भाग वेगळा. गल्लीतल्या कन्नड चांगलं येणाऱ्या एका पोराला रोज पेपर बघायचं काम लावून द्या, चहा आपल्याकडनं.

भाषेचं काय? घटनेच्या ३५० कलमाप्रमाणं गाऱ्हाण्याचं निवेदन राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं, म्हणजे मराठीत चालतंय. तरी खाली कन्नड कॉपी जोडाच. हक्काचं भांडण चालूच ठेवायचं ओ, पण ते ६० दिवस आपल्यासाठी थांबत नाहीत.

मी पहिल्यांदा दोन पानं लिहिली होती, निम्मी सीमाप्रश्नावर, सर्व्हे नंबर एक नाही. कागद कुठं गेला देव जाणे. आता एकच पान लिहितो: कुठली जागा, काय चुकतंय, त्याऐवजी काय पाहिजे. उदाहरण देतो. वडगाव-खासबागच्या विणकरांना खाली माग आणि वर घर असं पाहिजे असतं, त्यांना लांब फ्लॅट देऊन उपयोग काय, माग तिसऱ्या मजल्यावर चढवणार? मग लिहायचं की या भागात घर आणि छोटा धंदा एकत्र चालेल अशी तरतूद ठेवा. येळ्ळूर, शहापूर शिवारातली बासमती पिकणारी जमीन हिरवीच ठेवा म्हणायचं, आणि कारण नाल्याचं द्यायचं, २०१९ च्या पावसात बळ्ळारी नाल्याच्या पाण्यानं काय केलं ते सगळ्यांनी बघितलंय. नवीन लेआउटला पावसाचं पाणी मुरवायची सोय मागा. जुन्या विहिरी पण यादीत घाला, टिळकवाडीतली काँग्रेस विहीर १९२४ ची आहे.

कामाबद्दल पण नुसतं 'रोजगार द्या' लिहू नका. व्हीटीयू, म्हणजे इंजिनिअरिंगचं विद्यापीठ, १९९८ पासनं इथं आहे, हत्तरगीला विमानाचे पार्ट बनतात, मग निपाणी, अथणी, खानापूरच्या पोरांनी गाव का सोडायचं? तालुक्याच्या गावाजवळ छोटे शेड, आणि तिथंच भाड्यानं परवडतील अशा खोल्या, असं नेमकं मागा.

आकडे पाहिजेत तर आरटीआय, म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज टाका, फी १० रुपये. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि शक्यतो १५० शब्दांच्या आत, नाहीतर पहिल्याच विषयाचं उत्तर देऊन बाकीला वेगळा अर्ज टाका म्हणू शकतात.

नगरसेवकाला पण कॉपी द्या, महापालिकेत ५८ वॉर्ड आहेत, चार शेजारचे वॉर्ड एकत्र गेले तर ऐकून तरी घेतात. सह्या खऱ्या पाहिजेत, घरचा पत्ता टाकून, एकाच पेनानं पन्नास मारलेल्या लगेच कळतात बरं का.

पोचपावतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. आणि डिसेंबरात सुवर्णसौधला, म्हणजे इथल्या विधानभवनात, अधिवेशन असलं की ऑफिसर जागेवर सापडत नाहीत, पण मंत्री सगळे गावातच असतात, तेव्हा त्याच कागदाची झेरॉक्स खिशात असू द्या.