इंग्लंडमध्ये गावाकडच्या जमिनीवर जळाऊ लाकडाचा धंदा: प्लॅनिंग परमिशनच्या या चुका टाळा

यूकेत राहणारी आपली काही मंडळी आता शहराबाहेर दोन-चार एकर जमीन नाहीतर जंगलाचा एखादा तुकडा घेतात, आणि मग पहिला जोडधंदा डोक्यात येतो तो जळाऊ लाकडाचा. साहजिक आहे, खेडोपाडी घराघरात वुडबर्नर (लाकूड जाळून घर तापवायची शेगडी) आहेत, थंडी लांबलचक, लाकूड फोडायचं मशीन सेकंडहँड मिळतं आणि गिऱ्हाईक शोधायला फेसबुक पुरतं. सगळं छान चालू होतं आणि मग कधीतरी काउन्सिलच्या प्लॅनिंग एन्फोर्समेंटचं (विनापरवाना वापरावर कारवाई करणाऱ्या विभागाचं) पत्र येतं की तुमच्या जमिनीवर विनापरवाना धंदा चालू असल्याची तक्रार आहे. तोपर्यंत मशीनमध्ये, ट्रेलरमध्ये, शेडमध्ये पैसे अडकलेले असतात, म्हणूनच हे सविस्तर लिहितोय. (हे फक्त इंग्लंडपुरतं आहे. वेल्स, स्कॉटलंडचे नियम वेगळे, तिथल्यांनी हे जसंच्या तसं धरू नका.)

आपल्याकडे जमीन शेतीची की एनए हे कागद काढले की कळतं. इथे तसा एक कागद नाही. जमिनीवर प्रत्यक्षात काय चाललंय त्यावरून तिचा वापर ठरतो, आणि तो वापर ठळकपणे बदलला की काउन्सिलची परवानगी, म्हणजे प्लॅनिंग परमिशन लागते. खरेदीखतात ‘वुडलँड’ लिहिलंय म्हणून लाकडाचं काहीही करता येईल असं लोक धरून चालतात, इथेच गडबड होते.

लाकूड कुठून येतंय, सगळं तिथेच अडतं

टाउन अँड कंट्री प्लॅनिंग ॲक्ट १९९० च्या कलम ५५ नुसार जमीन शेतीसाठी किंवा वनीकरणासाठी वापरणं हे ‘डेव्हलपमेंट’ धरतच नाहीत, म्हणजे त्या वापराला परमिशन लागत नाही. तुमच्या जंगलातली झाडं विरळ केली, तिथेच ओंडके कापले, फोडले, रचून वाळवले आणि विकले, तर सहसा ते वनीकरणाचाच भाग मानलं जातं. १९९९ मध्ये कोर्ट ऑफ अपीलने स्वतःच्या द्राक्षांपासून वाइन करण्याच्या केसमध्ये असंच म्हटलं होतं, की आपल्याच जमिनीच्या मालावर केलेली अशी प्रक्रिया शेतीचाच पुढचा भाग होऊ शकते.

पण लॉरी भरून बाहेरचे ओंडके आणून आपल्या जमिनीवर फोडायला लागलात की चित्र पालटतं. आता ती जमीन लाकडाची वखार झाली, म्हणजे औद्योगिक किंवा साठवणुकीचा वापर, आणि त्याला परमिशन हवी. थोडं बाहेरचं लाकूड आलं तर लगेच आभाळ कोसळत नाही, किती टक्के चालतं असा आकडा कायद्यात नाही, एकूण प्रमाण आणि स्वरूप बघतात. पण ‘माझंच लाकूड आहे’ हे म्हणणं किती टिकतं ते तपासायला अधिकाऱ्याला फार हुशारी लागत नाही. इथलं पानझडीचं जंगल साधारण वर्षाला हेक्टरी ४ ते ६ घनमीटर लाकूड वाढवतं. तुमच्याकडे ५ एकर, म्हणजे जेमतेम २ हेक्टर असेल, तर कायम टिकेल असं उत्पन्न ८ ते १२ घनमीटर. फोडून बल्क बॅगमध्ये (विक्रीच्या मोठ्या पोत्यात) सुटं भरलं की आकडा फुगतो, दुप्पट-अडीचपट धरा हवं तर, तरीही जाहिरातीत ‘वर्षभर डिलिव्हरी, कितीही बॅग’ लिहिलं असेल तर हिशोब जुळत नाही. तुमची जाहिरात, रिव्ह्यू, गेटवरचा बोर्ड, गेल्या काही वर्षांचे हवाई फोटो हे सगळं काउन्सिलला बसल्या जागी दिसतं.

त्यामुळे पहिल्या दिवसापासून वही ठेवा. कुठल्या भागातून किती तोडलं, केव्हा फोडलं, किती विकलं, बाहेरून आणलं असेल तर कोणाकडून आणि किती, पावतीसकट. ट्री सर्जन (लोकांची झाडं कापून देणारी) मंडळी बऱ्याचदा फुकटात ओंडके टाकून जातात आणि आपण खूश होतो, पण तेही बाहेरचंच लाकूड, वहीत तेही आलं पाहिजे.

२८ दिवसांचा नियम चुकीचा वाचणं

बऱ्याच जणांना कोणीतरी सांगितलेलं असतं की वर्षातले २८ दिवस काहीही करता येतं. नियम खरा आहे, मोकळ्या जमिनीचा तात्पुरता वापर कॅलेंडर वर्षात २८ दिवसांपर्यंत विनाअर्ज करता येतो. पण लोक मोजतात फक्त मशीन चाललं ते दिवस. शनिवार-रविवारीच मशीन लावलं, मधले दिवस कोणी फिरकलं नाही, तरी आणलेले ओंडके, रचलेल्या थप्प्या, बॅगा आणि कंटेनर तिथेच पडून असतात, आणि साठवण हासुद्धा वापरच आहे. लाकूड वाळायला वर्ष-दोन वर्षं लागतात, मग हा धंदा २८ दिवसांत बसणार कसा? जत्रेसारख्या कार्यक्रमांसाठी ती सोय ठीक आहे, वखारीसाठी नाही.

शेड आधी, विचार नंतर

वनीकरणासाठी खरोखर गरजेची शेड पूर्ण परमिशनशिवाय बांधता येते, पण आधी काउन्सिलला प्रायर नोटिफिकेशन (आगाऊ सूचना) द्यावं लागतं आणि त्यांना २८ दिवस असतात. क्लासिफाइड रस्त्याच्या डांबरी भागापासून २५ मीटरच्या आत बांधली तर ही सवलत लागू नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेड त्याच जमिनीवरच्या वनीकरणासाठी असली पाहिजे. अर्जात ‘माझ्या जंगलाची अवजारं आणि लाकूड’ लिहायचं आणि आत बाहेरचा माल भरायचा, याने सवलत तर जातेच, पुढच्या प्रत्येक अर्जात तुमच्या शब्दाला किंमत राहत नाही.

जुनी शेतीची शेड असेल तर ‘क्लास आर’ नावाची वाट बघण्यासारखी आहे. ठरावीक काळ फक्त शेतीसाठी वापरलेली इमारत यातून काही व्यावसायिक वापरांना लावता येते, त्यात साठवण आणि वितरणही येतं. मे २०२४ मध्ये मर्यादा ५०० वरून १००० चौरस मीटर झाली. १५० पर्यंत फक्त कळवावं लागतं, त्यापुढे प्रायर अप्रूव्हल, म्हणजे काउन्सिलची आगाऊ मंजुरी. पण इथे दोन खड्डे आहेत. प्रक्रियेची परवानगी फक्त त्याच जागेवर तयार झालेल्या आणि तिथेच विकायच्या कच्च्या मालापुरती आहे, म्हणजे बाहेरचे ओंडके आणून फोडणं यात बसत नाही. आणि सवलत इमारतीला नि तिच्या लगतच्या छोट्या आवाराला आहे, मागच्या शेतात थप्प्यांच्या रांगा लावायला नाही.

अर्ज करतानाच्या चुका

परमिशनच्या अर्जासोबतच्या नकाशावरची लाल रेघ ही अगदी साधी गोष्ट, पण नडते. ज्या जागेवर धंदा आहे तेवढीच लाल रेघेत घ्यायची, अधिक सार्वजनिक रस्त्यापर्यंतचा जायचा मार्ग, आणि तुमची बाकीची जमीन निळ्या रेघेत. लोक उत्साहाने अख्खं शेत लाल करून टाकतात. मग साइट १ हेक्टर किंवा जास्त झाली की अर्ज ‘मेजर’ ठरतो, निर्णयाची मुदत ८ ऐवजी १३ आठवडे, आणि २०२४ पासून आलेलं १० टक्के जैवविविधता वाढीचं गणितही त्या सगळ्या क्षेत्रावर मांडावं लागू शकतं. थप्प्या, मशीन, गाडी वळवायची जागा कागदावर मोजा आणि तेवढंच मागा. जमीन भाड्याची असेल तर मालकाला रीतसर नोटीस देऊन अर्जातलं सर्टिफिकेट बी (मालकाला कळवल्याचं निवेदन) भरायचं, तिथे सही चुकली तर पुढे अख्खा निर्णयच धोक्यात येऊ शकतो.

नकार यायची नेहमीची कारणं म्हणजे रस्ता आणि आवाज. ६० मैल वेगमर्यादेच्या अरुंद गावरस्त्यावर तुमचं गेट असेल तर हायवेवाले (रस्ते विभाग) दोन्ही बाजूंना २१५ मीटरपर्यंत दिसलं पाहिजे म्हणू शकतात, तेही रस्त्याच्या कडेपासून २.४ मीटर आत उभं राहून. मध्ये शेजाऱ्याची हेज (झुडपांचं कुंपण) आली तर ती तुम्हाला तोडता येत नाही, मग काय करणार? गाड्या प्रत्यक्षात कमी वेगाने जात असतील तर स्पीड सर्व्हे करून कमी अंतर मान्य करून घेता येतं, हे अर्जाच्या आधी करा, नकारानंतर नाही. आणि गाड्यांचा खरा आकडा द्या, ओंडक्यांची लॉरी महिन्यातून किती वेळा, डिलिव्हरीच्या फेऱ्या किती, घ्यायला येणारी गिऱ्हाइकं किती.

आवाजाचं तसंच. चेनसॉ आणि प्रोसेसरचा (ओंडके कापून फोडणाऱ्या मशीनचा) आवाज शांत खेड्यात लांबवर जातो, आणि ज्याच्या बागेत तो रविवारी सकाळी ऐकू येतो तोच तक्रार करतो. मशीन घरांपासून लांब ठेवा, मध्ये लाकडाचीच उंच थप्पी लावा, शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी बंद असे तास स्वतःहून अर्जात लिहा. घर जवळ असेल तर बीएस ४१४२ (आवाज मोजायचं ब्रिटिश मानक) प्रमाणे नॉइज रिपोर्ट करून घेतलेला बरा. शेजाऱ्यांना काउन्सिलचं पत्र जायच्या आधी स्वतः जाऊन भेटा, अर्धी भांडणं तिथेच मिटतात असं माझं प्रामाणिक मत आहे.

परमिशन मिळाली तरी अटी नीट वाचा. ‘काम सुरू करण्यापूर्वी’ असं लिहिलेल्या अटी आधी काउन्सिलकडून मंजूर करून घ्यायच्या असतात, त्या न करता सुरुवात केली तर हातात कागद असूनही अडचणीत येता.

दुसरे परवाने म्हणजे प्लॅनिंग नव्हे

उभी झाडं तोडायला फॉरेस्ट्री कमिशनचं (सरकारी वन खात्याचं) फेलिंग लायसन्स, म्हणजे तोडीचा परवाना लागतो. तिमाहीत ५ घनमीटरपर्यंत सूट आहे, पण त्यातलं २ घनमीटरपेक्षा जास्त विकायचं नाही, हा दुसरा अर्धा भाग लोक विसरतात. झाडावर प्रिझर्व्हेशन ऑर्डर (झाड जपण्याचा आदेश) असेल तर ती भानगड वेगळी. विक्रीसाठी १ मे २०२१ पासून नियम आहे की २ घनमीटरपेक्षा कमी लाकूड विकताना ओलावा २० टक्के किंवा कमी हवा आणि लाकूड पुरेसं वाळलेलं असल्याचं ‘रेडी टू बर्न’ सर्टिफिकेशन हवं. यातलं काहीही हातात असलं तरी जमिनीच्या वापराचा प्रश्न सुटत नाही, आणि उलटही खरं.

पत्र आलंच तर

सगळ्यात वाईट म्हणजे गप्प बसणं. प्लॅनिंग कॉन्ट्राव्हेन्शन नोटीस (जमिनीवर काय चाललंय याची माहिती मागणारी नोटीस) आली तर २१ दिवसांत उत्तर द्यायचं असतं, न देणं किंवा खोटं लिहिणं हा गुन्हा आहे. त्याआधी साधं पत्र आलं असेल तर अधिकाऱ्याला जागेवर बोलवा, वही दाखवा. बाहेरचा माल तात्पुरता थांबवणं जमत असेल तर थांबवा आणि तसं ईमेलवर कळवा. माल खरंच तुमच्याच जंगलातला असेल तर लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट (वापर कायदेशीर असल्याचा दाखला) मागता येतं. नव्याने सुरू करायच्या वापरासाठी त्याची फी नेहमीच्या अर्जाच्या निम्मी असते, आणि बँक किंवा पुढचा खरेदीदार विचारतो तेव्हा हा कागद फार उपयोगी पडतो. तोच वापर सलग १० वर्षं चालू असल्याचा पुरावा असेल तरी हे सर्टिफिकेट मिळू शकतं, पण बिलं, फोटो, शपथपत्रं लागतात, तोंडी सांगून भागत नाही, आणि मुद्दाम लपवून ठेवलेलं असेल तर ती १० वर्षं कामाला येत नाहीत.

वापर बदललाच आहे हे दिसत असेल तर मागाहून अर्ज करता येतो, त्यासाठी प्लॅनिंग कन्सल्टंटला पैसे द्यायला मागेपुढे बघू नका. आणि थेट एन्फोर्समेंट नोटीस (विनापरवाना वापर बंद करण्याचा आदेश) आली असेल तर ती ज्या तारखेला लागू होणार ती तारीख आधी शोधा. तिच्या आत अपील पोहोचलं पाहिजे, सहसा हातात २८ दिवस असतात. ती तारीख गेली की अपीलचा दरवाजा बंद, आणि नोटीस न पाळणं हा दंडाला वरची मर्यादा नसलेला गुन्हा आहे. अपील वेळेत केलं तर निकाल लागेपर्यंत नोटीस थांबते, तेवढ्या महिन्यांत रचलेलं लाकूड विकून संपवायला किंवा दुसऱ्या परवाना असलेल्या यार्डात हलवायला वेळ मिळतो.