हळदीची धूळ, वडिलांचा पंप आणि काचेची सुई

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे सुरू असले की हवेत पिवळी धूळ तरंगत असते. माझे वडील तिथं तोलाईला होते. एका खिशात पेन, दुसऱ्या खिशात दम्याचा निळा पंप. पण "पंपाची सवय लागते" म्हणून तो घ्यायचं टाळायचे आणि रात्र उशीला टेकून बसून काढायचे. दम्यावर संशोधन करायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते तिथंच. आता बीएस्सीची मुलं विचारतात, "ताई, या आयन चॅनेलच्या संशोधनात यायचं तर काय वाचू?" वाचायचं नंतर बघू. आधी गणित सोडू नका.

मी सोडलं होतं. बारावीला बायोलॉजी धरलं, गणिताला रामराम ठोकला आणि पुण्यात पीएचडीला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात ओहमचा नियम पुढ्यात. आयन चॅनेल म्हणजे पेशीच्या आवरणातली प्रथिनांची दारं. त्यांतून सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, क्लोराइड ये-जा करतात. विद्युतभार असलेले कण हलले की झाला प्रवाह, आणि तो मोजायचा म्हणजे फिजिक्स आलंच.

याचा अनुभव तुम्ही घरी रोज घेता. तव्यावर मिरच्या भाजल्या की खकाणा उठतो आणि सगळं घर खोकतं. श्वासनलिकेतल्या संवेदी चेतातंतूंवर टीआरपीव्ही१ नावाचं चॅनेल असतं, ते मिरचीतल्या कॅप्सेसिननं उघडतं. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या गटानं ते १९९७ साली शोधलं; २०२१च्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा होता. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग खिडकी उघड की."

फुप्फुसाच्या आजारांत चॅनेलच्या अभ्यासाचं खरं यश बघायचं तर सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार बघा. क्लोराइड बाहेर सोडणारं सीएफटीआर हे दार बिघडतं, आणि श्वासनलिकेतला चिकट स्राव घट्ट होऊन बसतो. त्याचं जनुक १९८९ला सापडलं. बंद राहणारं दार उघडं ठेवणारं आयव्हाकॅफ्टर हे औषध अमेरिकेत २०१२ला मंजूर झालं. मध्ये तेवीस वर्षं गेली, हे लक्षात असू द्या. दमा तर त्याहून आडमुठा, कारण तिथं एकच दार बिघडलेलं नसतं. श्वासनलिकेभोवतीचा स्नायू आवळायला कॅल्शियम लागतं, म्हणून रक्तदाबाच्या कॅल्शियम चॅनेल रोखणाऱ्या गोळ्या दम्यावर वापरून पाहिल्या गेल्या. फारसा उपयोग झाला नाही. त्या स्नायूला लागणारं बरंचसं कॅल्शियम पेशीच्या आतल्याच साठ्यातून येतं. बाहेरचं दार लावून काय होणार?

आता हाताचं काम. नेहर आणि साकमन या शास्त्रज्ञांनी १९७६ साली पॅच क्लॅम्प हे चॅनेलमधला प्रवाह मोजायचं तंत्र मांडलं, १९९१ला नोबेल मिळालं. काचेची बारीक नळी तापवून ओढायची की टोकाला साधारण एक मायक्रॉनचं तोंड उरतं. आत चांदीची तार, ती आधी ब्लीचमध्ये बुडवून काळपट करून घेतलेली. सूक्ष्मदर्शकाखाली ती सुई पेशीला नुसती टेकवायची आणि रबरी नळी तोंडात धरून हलकेच हवा ओढायची. हो, तोंडानंच. जमलं तर रोध मेगाओहमवरून गिगाओहमवर उडी मारतो. म्हणजे काच पेशीला घट्ट चिकटली; त्याला सील म्हणतात. जास्त ओढलं की पेशी फुटली, संपलं. मला पहिलं धड सील मिळायला चार महिने लागले. त्यातले तीन आठवडे तर पडद्यावर ५० हर्ट्झची, म्हणजे भिंतीतल्या विजेची, लाट हलेना. पेशी बदलल्या, द्रावणं बदलली, रडूनही झालं. शेवटी कळलं, दोष सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याच्या अर्थिंगचा. पिकोअँपिअरइतका सूक्ष्म प्रवाह मोजणाऱ्या यंत्रापुढे भिंतीतली वीज म्हणजे लग्नाच्या वरातीतला बँड. तेव्हा इथं हुशारीपेक्षा चिवटपणा जास्त चालतो, असं माझं मत. आमच्यातली सर्वात हुशार मुलगी वर्षभरात कंटाळून कॉम्प्युटरच्या कामाकडे वळली आणि तिथं मजेत आहे.

पैशाचं थोडक्यात: सीएसआयआर-नेट या परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप निघाली तर २०२३पासून महिन्याला ३७,००० रुपये, वर घरभाडं. नेटच्या आधी विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपला अर्ज करा, दोन महिने लॅबमध्ये बसून बघा. गाइडला मेल करताना "मला संशोधनाची आवड आहे" एवढंच लिहू नका. त्यांचा एक पेपर वाचून त्यातल्या एका आलेखाबद्दल प्रश्न विचारा. आणि मुलाखतीआधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करून पीएचडीला किती वर्षं लागली ते विचारा. हे कुणी सांगत नाही.

वडिलांना मी पहिल्या सीलचा फोटो दाखवला होता. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला. "आता माझा पंप सुटंल का गं?" म्हणाले. नाही म्हटलं, उलट डॉक्टरांनी सांगितलाय तसा घ्या. तेव्हापासून मात्र घेतात.