केटलच्या तळाशी ड्रॉस वाढतोय? या चुका टाळा

हॉट डिप गॅल्व्हनायझिंगमध्ये, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून लोखंडावर जस्ताचा थर चढवताना, केटलमध्ये (वितळलेल्या जस्ताच्या टाकीत) ड्रॉस वाढला की बहुतेक कारखान्यांत आधी जस्ताच्या दर्जावर संशय घेतला जातो. प्रत्यक्षात ड्रॉस म्हणजे लोह आणि जस्त यांचे संयुग असते, आणि 1 किलो लोह साधारण 25 किलो जस्ताला सोबत घेऊन तळाशी बसते. त्यामुळे हे लोह बाथमध्ये (केटलमधील वितळलेल्या जस्तात) कुठून शिरते, याचा शोध आधी घ्यावा.

सर्वांत महागात पडणारी चूक पिकलिंगनंतरच्या (ॲसिडने गंज काढल्यानंतरच्या) धुण्यात होते. घाई असली की जॉब (गॅल्व्हनाइझ करायची वस्तू) ॲसिडमधून उचलून, नीट निथळू न देता, पाण्याच्या टाकीत बुडवला न बुडवला करून थेट फ्लक्समध्ये (जस्तात बुडवण्यापूर्वीच्या क्षारांच्या द्रावणात) जातो. अशा वेळी पाइपांच्या पोकळीत आणि कोनाड्यांत अडकलेले लोहक्षार फ्लक्समध्ये व तिथून केटलमध्ये पोहोचतात. धुण्याचे पाणी हिरवट-पिवळे दिसू लागले, तर ते पाणी न राहता पातळ ॲसिड झाले आहे असे समजून बदलावे. फ्लक्समधील लोह लिटरला 5 ग्रॅमच्या आत ठेवावे. ते वाढल्यास हायड्रोजन पेरॉक्साइड घालून आणि अमोनियाने पीएच सांभाळून लोह साक्यात उतरवावे व गाळून काढावे. केवळ नवे क्षार टाकत राहण्याने हा प्रश्न सुटत नाही.

दुसरी चूक तापमानाची. बाथ साधारण 450 अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिर ठेवावा. उत्पादन वाढवण्यासाठी बर्नर चढवला की जस्तात अधिक लोह विरघळते, आणि बाथ थंड होताना तेच ड्रॉस होऊन बाहेर पडते. 480 अंशांच्या पुढे तर केटलची भिंतच झपाट्याने झिजू लागते. थर्मोकपल (तापमान मोजणारे उपकरण) एकाच कोपऱ्यात असेल, तर पडद्यावरचा आकडा भिंतीजवळची खरी स्थिती दाखवत नाही.

जॉब जस्तात गरजेपेक्षा जास्त वेळ ठेवणे आणि तळाशी पडलेले बोल्ट, तारा तशाच राहू देणे, हेही टाळावे.

गॅल्व्हनाइझ केलेल्या पृष्ठभागावर बोट फिरवल्यावर वाळूसारखे कण लागले, तर बहुधा तळाचा ड्रॉस ढवळला गेलेला असतो. ड्रॉस काढल्यावर लगेच डिपिंग सुरू करू नये. बाथ शांत होऊन कण खाली बसू द्यावेत. ड्रॉस काढण्याचा ग्रॅब आत सोडण्यापूर्वी मात्र तो पूर्ण कोरडा व तापलेला असल्याची खात्री करावी, कारण ओल्या लोखंडाने जस्त उसळते.