इंग्रजी काळ शिकवताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त नुकसान करते ती खुणेच्या शब्दांची यादी. ‘यस्टरडे’ दिसला की साधा भूतकाळ, ‘सिन्स’ दिसला की पूर्ण वर्तमानकाळ, ‘ऑल्वेज’ दिसला की साधा वर्तमानकाळ. या यादीवर वर्ग गाळलेल्या जागांत दहापैकी दहा मिळवतो. दुसऱ्या दिवशी त्याच वर्गाला विचारा, इथे किती वर्षं राहतोस? उत्तर येतं, ‘आय लिव्ह हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.’ पोरं मराठीशी प्रामाणिक राहिलेली असतात. आपण ‘पाच वर्षांपासून राहतो’ म्हणतो, म्हणजे क्रियापद वर्तमानात आणि ‘सिन्स’, ‘फॉर’ दोन्हींसाठी एकच ‘पासून’. शिवाय ‘ही इज ऑल्वेज कम्प्लेनिंग’ हेही बरोबर इंग्रजी आहे, आणि ‘सिन्स’चा अर्थ कधी ‘कारण’ असाही असतो. तिथे यादी कोलमडते.

त्यापेक्षा फळ्यावर आडवी रेघ ओढा. डाव्या टोकाला 2020, उजव्या टोकाला ‘आज’. डाव्या टोकाखाली ‘सिन्स’, मधल्या पट्ट्यावर ‘फॉर’, वर ‘आय हॅव लिव्ड’. मग प्रत्येकाला 2020 पुसून स्वतःचं साल लिहायला लावा. वीस मिनिटं जातात, जाऊ द्यात. घाई करणाऱ्यांना हेच पुन्हा महिनाभर शिकवावं लागतं.

दुसरी चूक ‘आहे’ची. ‘मी कालच आलो आहे’ मराठीत चालतं, म्हणून ‘आय हॅव कम यस्टरडे’ होतं. संपलेली वेळ सांगितली की इंग्रजीत ‘हॅव’ बसत नाही. ‘हॅव’ आणि ‘यस्टरडे’ या दोहोंपैकी एक खोडायला सांगा; ‘हॅव’ गेला तर ‘कम’चं ‘केम’ होतं. कोणता खोडायचा हे मुलानेच ठरवावं. आणि ‘आलोच!’ हे रूपाने भूतकाळी, पण माणूस अजून निघालेलाही नसतो, म्हणून इंग्रजीत ‘आय ॲम कमिंग’. वहीत ‘रूप’ आणि ‘वेळ’ असे दोन वेगळे रकाने हवेतच.

‘डिड नॉट वेंट’: भूतकाळ ‘डिड’ने घेतला, आता ‘गो’ मूळ रूपातच.

‘आय ॲम नोइंग’: माहीत असणं ही स्थिती आहे, ‘आय नो’ पुरे.

काळ ओळखताना शेवटचा शब्द पाहून अंदाज बांधू देऊ नका. ‘हॅज बीन रायटिंग’मध्ये ‘हॅज’ वर्तमान सांगतो, ‘हॅज’ आणि ‘बीन’ची जोडी पूर्ण, ‘बीन’ आणि ‘रायटिंग’ची जोडी चालू. डावीकडून वाचत जा, म्हणजे नाव आपोआप तयार होतं. बारा काळांचा तक्ता त्यानंतर मुलांकडूनच भरून घ्या.