विल्सनचा टॉपिक घेतलाय? मग २२ जानेवारी १९१७ पासून सुरू करा

एमएला किंवा नेट-सेटला अमेरिकेचा इतिहास घेतलेली मुलं विचारतात की पहिल्या महायुद्धाच्या काळातला अमेरिकेचा अध्यक्ष वुड्रो विल्सन याचं परराष्ट्र धोरण कुठून वाचायला घ्यायचं, कारण पुस्तकात तटस्थता, युद्ध आणि शांतता परिषद अशी तीन वेगळी प्रकरणं असतात आणि तिन्ही पाठ केली तरी तिन्हीकडे एकच माणूस आहे असं वाटतच नाही. मी सगळ्यांना सांगते, आधी त्याचं २२ जानेवारी १९१७ चं सिनेटमधलं, म्हणजे अमेरिकन संसदेच्या वरच्या सभागृहातलं, भाषण वाचा. त्यात तो म्हणतो की कुणाचाच विजय न होता शांतता झाली तरच ती टिकेल, हरलेल्यावर लादलेल्या तहाचा सल कायम राहतो. आणि दहा आठवड्यांनी, २ एप्रिलला, तोच माणूस काँग्रेसपुढे, म्हणजे सगळ्या संसदेपुढे, उभा राहून जर्मनीशी युद्धाची मागणी करतो. हे दहा आठवडे समजून घेतले की मागचं-पुढचं आपोआप जुळत जातं.

त्यासाठी मी एक वही केली होती आणि ती पद्धत अजूनही मुलांना सांगते. पानावर तीन रकाने, बर्लिन, लंडन, वॉशिंग्टन, आणि प्रत्येक घटनेला दोन तारखा, कधी घडलं आणि विल्सनला कधी कळलं. ही दुसरी तारीख फार महत्त्वाची आहे. झिमरमनची तार घ्या. जर्मन परराष्ट्रमंत्र्याने ती जानेवारीच्या मध्यात पाठवली, अमेरिकेशी युद्ध झालंच तर मेक्सिकोने जर्मनीच्या बाजूने यावं, बदल्यात टेक्सस, न्यू मेक्सिको, ॲरिझोना परत मिळवायला मदत करू. ब्रिटिशांनी ती पकडून उलगडली पण लगेच दिली नाही, विल्सनच्या हातात आली फेब्रुवारीच्या शेवटी आणि १ मार्चला पेपरात छापून आली. मधल्या काळात ३१ जानेवारीला जर्मनीने जाहीर केलं होतं की उद्यापासून पाणबुड्या कुठलंही जहाज बुडवणार, तटस्थांचंही, आणि ३ फेब्रुवारीला विल्सनने संबंध तोडले, पण तोडले म्हणजे युद्ध पुकारलं नाही, तो अजून थांबलाच होता. मग मार्चमध्ये अमेरिकन जहाजं बुडाली, रशियात झारची सत्ता गेली, २० मार्चला सगळं मंत्रिमंडळ युद्धाच्या बाजूने बोललं. नुसतं "झिमरमन तार व पाणबुडी युद्ध" असं लिहिणारी उत्तरं मी खूप तपासते आणि त्यात हा थांबलेला माणूस कुठेच दिसत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

तो थांबला का होता? माझं मत असं की त्याला १९१४ पासून मध्यस्थाच्या खुर्चीत बसायचं होतं आणि तटस्थता हा त्या खुर्चीकडे जायचा रस्ता होता. ऑगस्ट १९१४ मध्ये तो लोकांना म्हणाला की कृतीतच नाही तर विचारातही निःपक्षपाती राहा. आपला विश्वासू सल्लागार कर्नल हाउस याला त्याने पुन्हापुन्हा युरोपात पाठवलं, डिसेंबर १९१६ मध्ये दोन्ही बाजूंना चिठ्ठी पाठवली की तुम्हाला नेमकं काय हवंय ते सांगा. आणि फेब्रुवारी १९१७ ची एक आठवण तर मी प्रत्येक बॅचला सांगते. जेन ॲडम्स आणि शांततावादी मंडळी त्याला भेटायला गेली तेव्हा तो त्यांना म्हणाला की युद्धात उतरलेल्या देशाचा प्रमुख म्हणून मला तहाच्या टेबलावर जागा मिळेल, नाहीतर दाराच्या फटीतून हाक मारावी लागेल. ही आठवण ॲडम्सबाईंनीच पुढे लिहिली. मला विचाराल तर सगळ्या टॉपिकची किल्ली हीच आहे.

पण तटस्थता कागदावर वेगळी आणि बंदरात वेगळी होती, हे सोडू नका. ब्रिटनने जर्मनीची नाकेबंदी केली होती म्हणून व्यापार जवळजवळ एकाच बाजूला वाहायला लागला. सुरुवातीला परराष्ट्रमंत्री ब्रायनने युद्ध करणाऱ्या देशांना कर्ज द्यायला नको म्हटलं, ते हळूहळू ढिलं पडलं आणि १९१५ मध्ये मॉर्गन बँकेमार्फत ब्रिटन-फ्रान्सला ५० कोटी डॉलरचं कर्ज उभं राहिलं. त्याच वर्षी ७ मेला लुसिटानिया हे ब्रिटिश प्रवासी जहाज जर्मन पाणबुडीने बुडवलं, जवळपास १२०० माणसं गेली, त्यात १२८ अमेरिकन. ब्रायनचं म्हणणं होतं की जर्मनीला जाब विचारताय तर ब्रिटनच्या नाकेबंदीलाही विचारा आणि अमेरिकन लोकांना युद्ध करणाऱ्यांच्या जहाजांवर चढूच देऊ नका. ते ऐकलं गेलं नाही आणि जूनमध्ये त्याने राजीनामा दिला. ब्रायनला पुस्तकं एका ओळीत उरकतात, तुम्ही मात्र त्याचं राजीनाम्याचं पत्र शोधून वाचाच. १९१६ ची निवडणूक पटकन करा, "त्याने आपल्याला युद्धापासून लांब ठेवलं" ही घोषणा आणि २७७ विरुद्ध २५४ इतकी काठावरची जीत, बास.

आणि हो, हाच विल्सन १९१४ मध्ये मेक्सिकोतल्या व्हेराक्रुझ बंदरावर नौदल पाठवतो, १९१५ मध्ये हैती ताब्यात घेतो, १९१६ मध्ये जनरल पर्शिंगला सैन्य देऊन मेक्सिकोत घुसवतो. तटस्थता युरोपपुरती होती हे उत्तरात एका वाक्यात तरी यायला हवं.

शांततेच्या भागात मुलं चौदा कलमं, म्हणजे विल्सनने मांडलेल्या शांततेच्या अटी, घोकतात. कलमं लागतातच, पण जास्त वेळ सिनेटला द्या. अमेरिकेच्या राज्यघटनेत अध्यक्षाने केलेल्या तहाला सिनेटची दोन तृतीयांश मतं लागतात, आणि नोव्हेंबर १९१८ मध्ये दोन्ही सभागृहं रिपब्लिकनांकडे गेली होती, तरी विल्सन पॅरिसच्या शांतता परिषदेला जाताना त्यांचा एकही सिनेटर बरोबर घेत नाही. तिथे फ्रान्सचा पंतप्रधान क्लेमान्सो आणि ब्रिटनचा लॉइड जॉर्ज यांच्याशी सहा महिने भांडून राष्ट्रसंघ (लीग ऑफ नेशन्स) जर्मनीशी झालेल्या व्हर्सायच्या तहात बसवतो, त्यासाठी चीनचा शांटुंग प्रांत जपानला जाऊ देतो, जपानने वांशिक समानतेचं कलम मांडल्यावर बहुमत असूनही एकमत नाही म्हणून बैठकीचा अध्यक्ष या नात्याने ते बाजूला ठेवतो, आणि घरी आल्यावर रिपब्लिकन सिनेटर लॉज तहाला अटी घालतो तेव्हा एकही मानत नाही. सप्टेंबर १९१९ मध्ये देशभर रेल्वेने भाषणं करत फिरला, कोलोरॅडोतल्या प्वेब्लोच्या भाषणानंतर कोसळला, २ ऑक्टोबरला पक्षाघात झाला. १९ मार्च १९२० ला सिनेटमध्ये तहावर शेवटचं मतदान, ४९ विरुद्ध ३५, सात मतं कमी पडली, आणि यात त्याने आपल्याच पक्षाला सांगितलं होतं की अटींसकट तह असेल तर विरोधात मत द्या. पॅरिसची खुर्ची मिळाली होती, वॉशिंग्टनमधलं सिनेट मात्र हातचं गेलं.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजी कागदपत्रांना घाबरू नका. भाषणं मोठ्याने वाचा, ती ऐकवण्यासाठीच लिहिलेली आहेत, त्याची लांबलचक वाक्यं कानाला लवकर कळतात. नोट्स सरळ मराठीत काढा. परराष्ट्र खात्याची पॅरिस परिषदेची कागदपत्रं, चार बड्या नेत्यांच्या (अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, इटली) बैठकांच्या इतिवृत्तांसकट, अमेरिकन सरकारच्या साइटवर फुकट आहेत, रोज थोडी वाचली तरी क्लेमान्सो कसा बोलायचा ते ओळखू यायला लागतं.

डिझर्टेशनला विषय हवा असेल तर आपल्या घरचाच आहे. लोकमान्य टिळक तेव्हा ब्रिटिश पत्रकार चिरोलवर भरलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी लंडनमध्ये होते, डिसेंबर १९१८ च्या दिल्ली अधिवेशनात राष्ट्रीय सभेने शांतता परिषदेसाठी त्यांचं नाव दिलं, पण सरकारने पॅरिसला जायला पासपोर्ट दिला नाही. टिळकांनी विल्सनला आणि क्लेमान्सोला पत्रं लिहिली, भारताला स्वयंनिर्णयाचा हक्क द्या म्हणून, विल्सनच्या सेक्रेटरीचं पोच देणारं उत्तर आलं आणि पुढे काही झालं नाही. परिषदेत भारताच्या नावाने सही केली भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरच्या महाराजांनी. त्या महिन्यांत केसरीत विल्सनबद्दल काय छापलं जात होतं, आशा कधी होती आणि कधी ओसरली, हे अंक चाळून तारखांप्रमाणे लावा, शेजारी पॅरिसच्या बैठकांच्या तारखा ठेवा. मराठी वाचता येणाऱ्या विद्यार्थ्यालाच हे काम जमणार आहे.